बारा हजारांची भाजणी

सरकारला खोटं सांगून कर चुकवणारे मी ग्वाल्हेरच्या नई सडकेवर ढिगानं पाहिले. खोटं सांगून कर अंगावर ओढून घेणारा माणूस मात्र एकच पाहिला, आणि तो आमच्या समोरच्याच बिऱ्हाडात राहायचा. सदाशिवराव त्यांचं नाव. पण ही गोष्ट त्यांची नाही, त्यांच्या बायकोची आहे, वनमालाकाकूंची. सदाशिवरावांची गोष्ट सदाशिवराव स्वतःच सांगायचे, आणि रोज सांगायचे.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत शिकवत होते. आमचा आणि त्यांचा जिना एकच. सदाशिवरावांनी ग्वाल्हेर दरबारात बावीस वर्षं एकच काम केलं होतं. दरबार भरायचा असला की कोण कुठल्या ओळीत बसणार, याची यादी लिहायची. त्यांच्या लेखणीनं भलेभले मानकरी पुढे सरकले नि मागे गेले, असं ते म्हणायचे. संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य झालं, दरबार भरायचा थांबला. मग याद्या लिहिणाऱ्याला चिमूटभर पेन्शन देऊन घरी बसवलं. घरी त्यांच्या पुढ्यात यायला एकच माणूस उरलं होतं, आणि त्या माणसाला चुलीपासून उठायला सवड नसायची.

पेन्शनीत महिना वीस तारखेपर्यंत जायचा. उरलेले दहा दिवस काकूंनी भाजणीवर काढायला सुरुवात केली.

आम्हा दक्षिणी, म्हणजे ग्वाल्हेरच्या मराठी लोकांचं सोवळं तेव्हा कडक होतं. गिरणीत कुणाकुणाचं पीठ पडतं, म्हणून गिरणीची भाजणी चालत नसे. दुसऱ्याच्या घरचं धान्यही चालत नसे. मग जवळच्या जयेंद्रगंजातल्या बायका आपापलं धान्य धुऊन, वाळवून, आपापल्या डब्यातून काकूंकडे पाठवायच्या. काकू ते ओलेत्यानं भाजायच्या, घरच्या जात्यावर दळायच्या आणि डबा परत करायच्या. शेरामागे मेहनताना ठरलेला. एकीचे तांदूळ दुसरीच्या हरभऱ्यात गेले तर धर्म बुडेल, म्हणून प्रत्येक डब्यावर नाव. काकूंच्या हातची भाजणी खरंच अशी होती की थालीपीठ तव्यावर पडलं की जिन्याखालचे लोक वर बघायचे.

मग छप्पन्न साल आलं. मध्यभारत गेला, मध्य प्रदेश झाला, राजधानी भोपाळला गेली. तिच्या मागोमाग आमच्या गल्लीतले अर्धे बाबू बायकामुलांसकट गेले. मला वाटलं, संपलं काकूंचं. झालं उलटंच. महिनाभरात तिकडे गेलेल्या शालिनीताईंचं भोपाळहून कार्ड आलं की इथे भाजणी नावालाही मिळत नाही, पोरं जेवत नाहीत, चार शेर पाठवा. आणि धान्य तुमचंच घ्या, इतक्या लांब आता कुठे सोवळं बघत बसायचं! ह्याच शालिनीताई तीन गल्ल्यांवर राहायच्या तेव्हा डबा परत आला की झाकण हुंगून बघायच्या. अडीचशे मैलांवर गेल्यावर त्यांचा धर्म एकदम उदार झाला. त्यांचं बघून आणखी पंधरा-वीस घरांचा झाला.

काकू बाजारातून धान्य आणू लागल्या आणि पार्सलं पाठवू लागल्या. पत्ते सदाशिवराव लिहायचे. अक्षर मोत्यासारखं, आणि पत्त्यात माणसाचा हुद्दा आधी, नाव नंतर. गल्लीत मात्र सांगायचे, "आम्ही भोपाळला माल धाडतो." काकू आतून ऐकायच्या आणि जात्यात आणखी एक मूठ घालायच्या. पण एक गोष्ट कुणाच्याच ध्यानात आली नाही. लोकांचं धान्य दळून देणं ही मजुरी होती. आपलं धान्य दळून देणं ही विक्री झाली. काकूंचे हात तेच, जातं तेच, फक्त सरकारनं गिऱ्हाइकांची बदली केली होती.

एकोणसाठ साली नवीन राज्याचा नवीन विक्रीकर कायदा लागू झाला. कायदा वाईट नव्हता, उगाच का बोलू. लहान माणसाला त्यात जागा होती. वर्षाची विक्री ठरावीक आकड्याच्या आत असली तर कर नाही, नोंदणी नाही, कुणी विचारायला येत नाही. काकूंची विक्री वर्षाला जेमतेम अडीच हजार, म्हणजे आकड्याच्या पार खाली. नुसतं गप्प बसायचं होतं.

पण घरात यादी लिहिणारा माणूस होता ना! किराणावाल्याच्या दुकानात सदाशिवरावांनी नोंदणीचा फॉर्म पाहिला आणि त्यांचा समज झाला की सरकार आमच्या लष्कर भागातल्या व्यापाऱ्यांची यादी करतंय. ज्याचा आकडा लहान तो मागच्या ओळीत. बावीस वर्षं त्यांनी लोकांच्या जागा ठरवल्या होत्या, आता स्वतःची ठरवायची वेळ आली होती. मालकाच्या जागी त्यांनी स्वतःचं नाव घातलं, पुढे दरबारातला जुना हुद्दा जोडला, आणि वर्षाच्या विक्रीपुढे लिहिलं, बारा हजार. सही करून फॉर्म धाडलाही, काकूंना पत्ता नाही. मी नंतर जाब विचारला तेव्हा मला म्हणाले, अडीच हजार लिहून घराण्याची शोभा करायची होती का?

सहा महिन्यांनी शोभा झालीच. नोटीस आली: बारा हजारांवरचा कर, वर दंड, मिळून अडीचशेच्या आसपास रुपये, आणि मुदत पंधरा दिवसांची. काकूंचं सगळं भांडवल म्हणजे धान्याची तीन पोती आणि डब्यातले एकशेऐंशी रुपये. पोती विकून कर भरला की पुढचं धान्य आणायला पैसा नाही, धंदा बंद, आणि वीस तारखेनंतरचे दहा दिवस पुन्हा पाण्यावर. काकू पोत्यावर बसून राहिल्या. रडल्या नाहीत. मी रडले, संतापानं. सदाशिवराव म्हणाले, चूक सरकारची आहे. माणसानं कागदात मान लिहिला तर त्याचे पैसे मागायची ही कुठली रीत!

विक्रीकर दफ्तरातल्या सुनावणीला मी काकूंबरोबर गेले. वाटेत त्या एवढंच म्हणाल्या की बोलायचं ते ह्यांनीच बोलायला हवं, मी ह्यांना चारचौघांत खोटं पाडणार नाही. नाही बोलले तर भरू पैसे. मी म्हटलं, मग भाजणी? त्या पिशवी सावरून पुढे चालू लागल्या.

सदाशिवराव अंगरखा आणि पगडी घालून आले होते. त्यांना दफ्तराच्या व्हरांड्यात दोन तेलवाल्यांच्या मधे बाकावर बसवलं. तासाभरानं आत बोलावलं. अधिकारी दौलतसिंह म्हणून भिंडकडचा तरुण ठाकूर होता, बोलायला सरळ. त्यानं हिंदीत नीट समजावलं. मालक स्वतः सही करून बारा हजार सांगतो, तर मी ते कमी कसं करू? मालकानं आता आकडा खोटा म्हटलं तर उलट दंड वाढेल. हां, सही करणारा मालकच नसला, तर हा कागद रद्दी. मग तो खुर्चीत मागे टेकला आणि विचारलं, "तो बताइए, मालिक कौन है?"

खोलीत आम्ही, एक कारकून आणि दाराशी ते दोघे तेलवाले. काकू जमिनीकडे बघत होत्या. मला तर वाटत होतं सदाशिवरावांना मागून ढोसावं. गल्लीभर फिरवलेला तो 'आमचा माल' आता त्यांच्या घशात अडकला होता.  मग ते मराठीतच म्हणाले, अधिकाऱ्याला कळो न कळो:

"मालक ह्या आहेत. मी पत्ते लिहितो."

मी हिंदीत सांगितलं. कारकून लिहू लागला आणि थांबला. सदाशिवरावांचं पद काय लिहू, म्हणाला. सगळ्या ग्वाल्हेरची पदं तोंडपाठ असलेला तो माणूस, त्याला स्वतःचं सुचेना. तेव्हा काकूंनी पहिल्यांदा मान वर केली.

"लिहा, मुनीम."

सदाशिवरावांनी पगडी सारखी केली. मला एकाच वेळी हसू आणि भरून आलं, आणि दोन्हीचा रागही आला.

काकूंनी पिशवीतून रेल्वेच्या पार्सलांच्या पावत्या काढल्या, दोऱ्यात ओवलेल्या, एकूणएक. हिशेब अडीच हजारांच्या आतच निघाला. आठ दिवसांनी निकालाचा कागद आला. हिंदीत होता, मी वाचून दाखवला. श्रीमती वनमाला, पत्नी सदाशिवराव, यांचा धंदा कराच्या मर्यादेखाली आहे, सबब नोंदणी रद्द करण्यात येत आहे आणि काही देणं नाही. मी म्हटलं, काकू, सुटलात! पेढे काढा.

काकूंनी कागद पुन्हा वाचायला लावला. स्वतःच्या नावावर त्यांनी बोट ठेवलं, मग ते 'रद्द'पर्यंत नेलं. ज्या वाक्यात सरकारनं धंदा त्यांचा म्हटला, त्याच वाक्यात तो खोडलाही होता.

"मर्यादेच्या वर जायला किती शेर लागतील गं?" त्यांनी विचारलं.

सदाशिवराव खिडकीपाशी पत्ता लिहीत होते. मी हिशेब करतो, म्हणाले. काकू म्हणाल्या, तुम्ही नका करू, तुमचे बाराच हजार होतील, ही मास्तरीण करेल.

मी म्हटलं, अहो काकू, लोक मर्यादेखाली राहायला मरतात. तुम्ही काय हौसेनं कर भरणार?

काकूंनी कागदाची घडी घातली.

"खोली ह्यांच्या नावावर, पेन्शन ह्यांच्या नावावर, रेशनकार्ड ह्यांच्या नावावर," त्या म्हणाल्या. "कर तरी माझ्या नावावर येऊ दे."