थारोळ्यावरची सावली

निजामाच्या राज्यात आमची आणि शेजारच्या चाचांची विहीर एकच होती. लिंबाची सावली मोटेचं पाणी पडायच्या दगडी थारोळ्याला टेकली की आमची मोट थांबायची, त्यांची सुरू व्हायची. मी कांद्याच्या वाफ्यांत दारं धरायची, एक वाफा भरला की पाणी पुढच्यात वळवायची. पाटातून आभाळ वाहत यायचं, डोळे पेंगायचे. पण लिंब उंच होत गेला, तशी सावली दर साली लवकर पोचायची आणि आमचा शेवटचा वाफा कोरडा राहायचा. मी धुसफुसायची. वडील म्हणायचे, "झाड हाय, वाढणारच."

एका दुपारी सावली येता येईना. शेवटचा वाफाही भिजला. जाऊन बघितलं, तर लिंबाचा शेंडा छाटलेला आणि चाचा कुऱ्हाड घेऊन खाली उतरत होते.

"शेळ्यांना पाला पायजे होता," ते म्हणाले.

चाचांकडं एकही शेळी नव्हती.