उसनी मंडळी

आमच्या चर्चच्या मंडळीची वाढ झाली ती एका रविवारी, सकाळी नऊपासून साडेअकरापर्यंत. त्याच्या आधी झाली नाही आणि नंतरही नाही. कागदावर मात्र ती वाढ अजून आहे, आणि तिच्यापायी आमचं काय झालं ते सांगते.

आमचं चर्च म्हणजे गावाच्या कडेला एक लांबट खोली. कवेलूचं छप्पर, आठ बाकं, लाकडी क्रूस. आम्ही लुथरन, म्हणजे काय ते गावात कुणाला विचारू नका, ते सांगतील "घंटीवाले." रविवारी आम्ही नऊ जण असतो. माकडं छपरावर उड्या मारतात, कवेलू फुटतात, म्हणून दर उन्हाळ्यात ते फिरवावे लागतात. सगळे उतरवायचे, फुटके बाजूला काढायचे, बाकीचे झाडून परत बसवायचे. शेजारी वांगी-टमाटरची वाडी करणारा एक भाऊ आहे, घरात त्याच्या गणपती-महालक्ष्मी, पण शिडी त्याची आणि शिडीवर चढतो तोही तोच. मी खालून कवेलू देते. मंडळीची निगा म्हणजे माझ्या मते एवढंच. कवेलू फिरवायचे, वेदीचं कापड धुवायचं, आणि जो रविवारी आला नाही त्याच्या घरी सोमवारी जाऊन यायचं. मी शाळेत दुसरीपर्यंतच गेले, वाचायला शिकले ते गीतांच्या पुस्तकावर, तेव्हा यापेक्षा मोठं मला काही कळत नसेलही.

मोठं कळतं ते आमच्या सेक्रेटरीला. जन्म इथला, राहणं नागपूरला. वर्षातून दोनदा येतो, नाताळाला आणि ईस्टरला, आणि दोन्ही वेळा वर छपराकडे बघून म्हणतो, "याचं काईतरी करा लागते." मग जेवतो आणि जातो. लहानपणी त्याला प्रश्नोत्तरावली मीच शिकवली. दहा आज्ञांपैकी सात यायच्या. खोटी साक्ष देऊ नको, ही काही शेवटपर्यंत पाठ झाली नाही.

तर वरून, म्हणजे चर्चच्या मुख्य कचेरीतून, पत्र आलं की तिथले साहेब पाहणीला येणार. मंडळी अगदीच लहान दिसली तर ती हिंगणघाटच्या मंडळीला जोडणार, म्हणजे उपासनेला बसने तिकडे जायचं. माझी नणंद माझ्याजवळच राहते. तिचं खुब्याचं हाड मोडलेलं आहे, बसमध्ये तिला चढता येत नाही. वॉकर धरून घरापासून चर्चपर्यंत तेवढी येते. महिन्यातून दोनदा पाळक, म्हणजे आमचे पाद्री, मोटरसायकलवर यायचे आणि तिला तिच्या जागेवर प्रभुभोजन द्यायचे, प्रभूच्या नावाने भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. त्या दोन रविवारांसाठी ती बाकीचे दिवस काढायची. हे चर्च बंद झालं तर तिचं सगळंच बंद.

सेक्रेटरी धावत आला. आधी कधी इतक्या घाईने आला नव्हता.

"मावशी, भेऊ नका. मी माणसं आणतो. चाळीस."

"कुठून आणतो? कवेलू फिरवाले कधी दोन नाई आणले."

"सासुरवाडीचे हायेत, ऑफिसातले हायेत. सारे ख्रिस्तीच हायेत. म्हंजे बहुतेक."

"त्याइले आपली उपासना येते का? कधी उठाचं, कधी बसाचं?"

"तुमी समोर बसजा. मी त्याइले सांगतो, आजी उठली का उठा, आजी बसली का बसा."

मी त्याला घालवून देणार होते. नणंद खाटेवरून म्हणाली, "आणू दे त्याले. साहेब काय मोजाले येते, मोजू दे."

मी हो म्हटलं. एकच अट घातली, त्या दिवशी प्रभुभोजन ठेवायचं नाही. भाड्याच्या गर्दीत ती भाकर फिरवायला माझं मन तयार नव्हतं. सेक्रेटरी लगेच कबूल झाला. त्याला वाटलं, तेवढाच वेळ वाचला.

रविवारी दोन गाड्या भरून माणसं उतरली. फाटकावर फ्लेक्स, त्यावर क्रूस एवढासा आणि सेक्रेटरीचा चेहरा एवढा. रस्त्यावरून दिसते तेवढी भिंत रंगवलेली, बाजूची तशीच शेवाळलेली. बायकांच्या अत्तराने आमच्या नऊ जणांना शिंका सुटल्या. एकीने मला विचारलं, "आंटी, यहां एसी नहीं है?" मी तिला खिडकी दाखवली. वाडीवाला भाऊ बायकोला घेऊन धुतल्या कपड्यांत आला आणि मागच्या बाकावर बसला. "काकू, माणसं कमी पडतीन म्हणून आलो," म्हणाला. त्या सगळ्या गर्दीत न सांगता आलेली तेवढी दोनच माणसं.

बायबलातल्या शुभवर्तमानाचं वाचन सुरू झालं तशी मी उठले. मागे धडधड चाळीस माणसं उठली. मी बसले, ती बसली. खोटं कशाला बोलू, मला जरा मजा आली. आयुष्यभर माझ्या सांगण्याने घरातलं मांजर उठलं नाही.

मग साहेबांचा उपदेश. वाढीवर बोलायचं म्हटलं की या लोकांना येशूच्या गोष्टीतला, ज्याचं मोठं झाड होतं तो मोहरीचा दाणाच आठवतो. दाणा पेरून झाला, झाड होईना. अर्धा तास झाला आणि माझा डावा गुडघा आखडला. सरळ करावा म्हणून मी बाक धरून उठले. मागे चाळीस माणसं उठली. मी घाबरून बसले, ती बसली. गुडघ्यात पुन्हा चमक आली, मी पुन्हा उठले, ती पुन्हा उठली. नणंदेने पदर तोंडात कोंबला होता, तिचे खांदे हलत होते.

साहेब थांबले. चष्मा काढून त्यांनी डोळे पुसले. "मी पुष्कळ मंडळ्या पाहिल्या," ते म्हणाले, "पण वचन ऐकता ऐकता आपोआप उभी राहणारी मंडळी आज पहिल्यांदा पाहिली."

सेक्रेटरीने मान अशी खाली घातली, जणू ही पद्धत त्यानेच काढली.

जेवताना साहेबांनी कुणाला नाव विचारलं नाही, घर विचारलं नाही. छपराकडे तर मान वरसुद्धा केली नाही. मला म्हणाले, "आजी, मंडळी जिवंत आहे." मला तोंड होतं. मी म्हटलं, "हो साहेब." ते माझ्या माथी आहे, मी दुसऱ्यावर ढकलत नाही.

पुढे पत्र आलं. आमचं अभिनंदन होतं. इतक्या वाढलेल्या मंडळीने आता आपल्या पायावर उभं राहावं, आपला पाळक आपणच बघावा, आणि सध्याचे पाळक एका अशक्त मंडळीला द्यावेत, असं ठरलं होतं. सेक्रेटरीने त्या पत्राचा फोटो काढून जोडलेल्या हातांच्या चित्रासकट सगळ्यांना पाठवला. मी फोन लावला.

"आता पाळक कोण आणीन? तू?"

"मावशी, चर्च तं वाचलं ना."

"साहेबाले खरं सांग."

"आता कसं सांगू? चाळीसच्या आकड्याखाली माही सही हाये."

अशा माणसाशी बोलून तोंड कशाला दुखवायचं. मी फोन ठेवला.

आता रविवारी उपासना मीच वाचते. वाचन होतं, गीतं होतात, पण प्रभुभोजन मला देता येत नाही, ते पाळकाचंच काम. सहा महिने झाले नणंदेला ते मिळालेलं नाही. ती तक्रार करत नाही, फक्त मोटरसायकल वाजली की फाटकाकडे बघते. दूधवाला असतो.

परवा मी कागद घेऊन बसले आणि साहेबांना लिहिलं. त्या दिवशीची माणसं नागपूरची होती. मी उठले ते भक्तीने नाही, गुडघ्याने. हिंगणघाटला जोडायचं तर जोडा, पण आमच्या घरी एक बाई आहे तिच्यापर्यंत पाळक पाठवा. मग आम्ही खरे किती, ते लिहायची वेळ आली.

"दहा लिह्य," नणंद म्हणाली. "मी वॉकरसकट दोघाइच्या जागेत बसतो."

मी नऊच लिहिले.