विमान तयार, बाप्पा उभे!

आता कशी सांगू तुम्हाला ही फजिती! हातातला कप आधी खाली ठेवा, नाहीतर चहा सांडेल. हिच्यात प्रत्यक्ष गणपतीबाप्पा ताटकळलेत!

ऐंशीच्या दशकातलं भिलाई. आमच्या सेक्टरचं गणेश मंडळ आणि शेजारच्या मरोदा वस्तीचं मंडळ, दोघांत देखाव्याची चुरस. दरवर्षी बक्षिसाची ढाल मरोद्याला! त्या वर्षी देखाव्याचा प्रमुख मी. ठरवलं, दुसऱ्या महायुद्धातलं दोन इंजिनांचं लढाऊ-बॉम्बफेकी विमान करायचं. मूळचंच प्लायवूडचं हो ते! आणि अवतार किती! काचेच्या नाकाचं बॉम्बफेकी, रात्री लढणारं काळंकुट्ट, पोटात कॅमेरे लपवून फोटो काढणारं आकाशी. बाप्पा त्यात वैमानिक. ढाल कुठे जाते?

भीती एकाच माणसाची. माझे साडभाऊ बबनराव, मरोद्याच्या मंडळाचे सेक्रेटरी. रोज संध्याकाळी आमच्या क्वार्टरवर हजर!

"काय बनवून राहिले भाऊ यंदा? नाही, बाप्पाले बसवाले..."

"बॉम्बर!" मी मध्येच तोडायचो. दुसऱ्या दिवशी, "रात्रीचं लढाऊ!" तिसऱ्या दिवशी, "कॅमेऱ्याचं!"

"अवो, माह्या बहिणीचे मालक आहेत ते. दुश्मन नाही," बायको म्हणाली.

झालं! मला तिचाही संशय यायला लागला. बहीण मरोद्यातच ना तिची?

मग मी नामी शक्कल काढली. विमानाचे भाग मंडळातल्या तिघांना वाटले: नाक वानखेडेकडे, धड बोरकरकडे, पंख चौधरीकडे. मापं बरोबर दिली, पण अवतार प्रत्येकाला वेगळा सांगितला. एखादा फुटलाच, तर मरोद्याला खोटंच कळणार! शेवटी रंग मारून सारखं करू, हाय काय!

"भाऊ, बाप्पा कुठी बसन जी?" तिघांनीही विचारलं.

"ते दुसऱ्याकडे आहे. तू आपलं काम कर." तिघांना एकच उत्तर!

चतुर्थीला जोडणी झाली. नाक काचेचं, धड आकाशी, पंख काळे! रंग मारायला वेळ कोणाला? शेजारच्या दुर्ग शहरातून आणलेली मूर्ती ढोलताशात वळणावर आली, आणि वानखेडे किंचाळला, "अबे, बसायची जागाच नाही ना याच्यात!"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. मग तिघांनी माझ्याकडे.

मूर्ती चौघांच्या हातांवर. गुरुजी मुहूर्ताच्या नावानं ओरडतायत. तेवढ्यात सायकलरिक्षातून बबनराव उतरले. बरोबर नवंकोरं, नक्षीचं सिंहासन!

"घ्या. आमच्याकडं दोन झाले यंदा. बाप्पाले बसवाले लागते का, हेच तर रोज विचारायले येत होतो. तुमी दर टायमाले नवीन विमान उडवून राहिले, मले बोलू देता कुठी?"

बाप्पा विमानाशेजारी सिंहासनावर विराजमान झाले. अगदी विमान चुकलेल्या प्रवाशासारखे!

ढाल? मरोद्याला.

पुढच्या वर्षी मंडळानं मला चपला सांभाळायला बसवलं. पण तिथंही खबरदारी घेतली बरं! कोणाची चप्पल कुठं ठेवली, हे कोणालाही कळू दिलं नाही. आरती संपल्यावर तर मलासुद्धा कळेना!