शिरपूर रोडवरची हिरवी गाडी

लिंबातून रक्त कसं काढायचं, हे मी दरवर्षी सातवीच्या पोरांना करून दाखवतो. सुरीला आधीच रसायन लावून ठेवलेलं असतं. लिंबू कापलं की लाल धार येते, पोरं ओरडतात... मग मी बाटली दाखवतो आणि पोरं हसायला लागतात. चौदा वर्षं झाली, जिल्हा परिषदेच्या शाळेत विज्ञान शिकवतोय. आजोबांनी धर्मांतर केलं तेव्हा घरातले देव उचलून नदीत सोडले होते. तेव्हापासून आमच्या घरात अंगारा नाही, दोरा नाही, उतारा नाही. त्यामुळे हे वाचून कुणी "तायडे सर, तुम्हीसुद्धा?" असं विचारलं तर मला राग येणार नाही. मी स्वतःला ते रोजच विचारतो.

राहायला मी मालेगावला — नाशिककडचं नव्हे, आमच्या वाशिम जिल्ह्यातलं. शाळा वाशिम रोडवर, मालेगावपासून अकरा किलोमीटर. जाण्यायेण्यासाठी दोन वर्षांपूर्वी गाडी घेतली. आतून साधी, रोजच्या वापराची, भरपूर मायलेज देणारी. दिसायला मात्र चाळीस वर्षांपूर्वीची. गोल हेडलाइट, तारांच्या स्पोकची चाकं, टाकीवर दोन्ही बाजूंना गुडघ्याचे रबर, तपकिरी सीट. रंग गर्द हिरवा, त्यावर सायीच्या रंगाचा पट्टा. शिरपूरच्या एका कारागिराकडून मी तिला चामड्याच्या दोन पिशव्या शिवून घेतल्या, पितळी बकलांच्या. रविवारी सकाळी मी जुन्या टूथब्रशने स्पोक घासत बसायचो. बायको, सुजाता, म्हणायची, "इतकं तर कधी माझ्याकडं पाहिलं नाही."

स्टँडवर उभी केली की म्हातारी माणसं टाकीवर हात फिरवायची. "किती सालची हाये, मास्तर?" दोन वर्षांची आहे म्हटलं की त्यांचा चेहरा पडायचा. मालेगावात तशी दुसरी गाडी नव्हती. लोक मला नावाने कमी आणि गाडीवरून जास्त ओळखायचे. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू.

सोयाबीन काढणीचे दिवस होते. इंजिनातून टकटक आवाज यायला लागला म्हणून बुधवारी संध्याकाळी मी गाडी रफिकभाईकडे टाकली. रफिकभाई म्हणजे आमचा मेकॅनिक, बसस्टँडमागे त्याचं दुकान. पिशव्या काढून मी घरी आणल्या आणि दारामागच्या खिळ्याला अडकवल्या. गुरुवारी एसटीने शाळेत गेलो. त्या दिवशी केंद्रप्रमुख तपासणीला आले होते, त्यामुळे तो दिवस मला नीट लक्षात आहे. शनिवारी गाडी परत मिळाली. टकटक गेली होती. बस, एवढंच.

तीनेक आठवड्यांनी, दुसरा तास चालू असताना, शाळेच्या फाटकाशी एक माणूस आणि एक बाई येऊन उभे राहिले. मी बाहेर गेलो.

"हिरवी गाडी तुमचीच ना, सर?" माणसाने विचारलं.

गाडीबद्दल विचारायला लोक येतातच. मी हसत म्हणालो, "हो, माझीच. का?"

बाई माझ्या तोंडाकडे बघत होत्या. तिशी-पस्तिशीच्या असतील. कपाळ मोकळं होतं. त्या हळूच म्हणाल्या, "हेच होते, संतोष. चष्मा बी हाच."

त्यांचं नाव वंदना. शिरपूरच्या अलीकडच्या एका गावात अंगणवाडीत मदतनीस आहेत. संतोष त्यांचा भाऊ. त्या गुरुवारी वंदनाताई नवऱ्याच्या मागे बसून मालेगावकडे येत होत्या. सकाळी साडेअकराच्या सुमारास रस्त्याखालून नाला जाणाऱ्या एका मोरीजवळ मागून पिकअप धडकली आणि थांबली नाही. ताईंचं खरचटण्यावर निभावलं. नवऱ्याच्या डोक्याला मार लागला. फोन लागेना, दोन्ही बाजूंना सोयाबीन कापलेली रिकामी वावरं. तेवढ्यात मालेगावकडून एक हिरवी गाडी आली...

"काहून थांबले नाही, सर?" त्यांचा आवाज चढलेला नव्हता, तेच जास्त वाईट होतं. "मी रस्त्याच्या मधात उभी होती, दोनी हात वर करून. तुमी गाडी स्लो केली. हेल्मेटची काच वर केली. याईच्याकडं पाह्यलं, माह्याकडं पाह्यलं. मले म्हनले, मागून गाडी येऊन राह्यली, ते नेतीन. अन् निंगून गेले."

मी चष्मा काढून पुसला.

"मागून कोनी आलं नाही, सर. पाऊन तास."

नवऱ्याला शेवटी एका ट्रॅक्टरवाल्याने मालेगावच्या दवाखान्यात पोचवलं, तिथून अकोल्याला नेलं. सहाव्या दिवशी ते गेले.

संतोषच्या मुठी आवळलेल्या होत्या. "फक्त मालेगावपर्यंत नेलं असतं ना सर... फक्त तेवढं."

कोणता गुरुवार, हे मी दोनदा विचारून घेतलं. मग आमच्या मुख्याध्यापकांनी दोघांना आत बसवलं आणि हजेरी दाखवली. तपासणीचे फोटो शाळेच्या ग्रुपवर होते — मी फळ्यासमोर उभा, हातात खडू, वेळ अकरा चाळीस. संतोषने फोटो मोठा करून करून पाहिला. "पन गाडी तर तुमचीच होती," तो म्हणाला. "कोनाले देल्ली व्हती का?"

शाळा सुटल्यावर आम्ही तिघं रफिकभाईच्या दुकानी गेलो. रफिकभाईने हातातला पाना खाली ठेवला, सगळं ऐकून घेतलं.

"ताई, अल्लाची कसम खाऊन सांगतो. बुधवारपासून शनिवारपर्यंत गाडी माझ्यापुढं खुल्ली पडेल होती. हेड अलग, टाकी अलग, मागचं चाक बी काढेल होतं. ढकलूनसुद्धा कुठी नेता आली नसती."

संतोषने मान खाली घातली आणि माझ्यापुढे हात जोडले. "माफ करा, सर. बहिनीच्या डोक्यावर परिनाम झाला."

वंदनाताईंनी पर्समधून एक घडी घातलेला कागद काढला. दवाखान्याची जुनी चिठ्ठी होती. मागच्या बाजूला पेनाने एक नंबर लिहिलेला, अक्षर वाकडंतिकडं. "याईचं डोकं मांडीवर घेऊन लिवला मी हा. गाडी जाऊन राह्यली होती तवा पाह्यला अन् लगेच लिवला. मंग हा कोनाचा हाये, सर?"

नंबर माझा होता. पहिल्या अक्षरापासून शेवटच्या आकड्यापर्यंत.

रफिकभाईने कागद पाहिला, गाडीची नंबर प्लेट पाहिली आणि पुन्हा पाना उचलून कामाला लागला.

मालेगाव लहान आहे. आठ दिवसांत स्टँडवर गाडी लावली की माणसं वळून बघायला लागली. आता टाकीवर कुणी हात फिरवत नव्हतं. "थांबले नाही म्हने..." एवढंच कानावर यायचं. खरं काय ते मी चार जणांना सांगितलं, पाचव्याला सांगायचा कंटाळा आला. खरं तर मला राग यायचा. मी वर्गात उभा होतो, खडू हातात होता, आणि तरी मीच गुन्हेगार!

सुजाता म्हणाली, "तुम्ही तिथं नव्हता. संपलं. एवढं जिवाला कायले लावून घेता?"

तेव्हा मी तिला एक गोष्ट सांगितली, जी आधी कुणालाच सांगितली नव्हती. मागच्या वर्षी, वाशिम रोडवर, एक म्हातारा सायकलसकट रस्त्याच्या कडेला पडलेला मला दिसला होता. परीक्षेचा दिवस होता, पेपरांचा गठ्ठा माझ्याजवळ होता. मी गाडी हळू केली. मागून एसटी येताना आरशात दिसत होती. ते बघतील असं मनात म्हणालो... आणि निघालो. त्या म्हाताऱ्याचं पुढे काय झालं, मला माहीत नाही. मी कधी चौकशीही केली नाही.

सुजाताने निवडायला घेतलेली भाजी बाजूला सारली. मग म्हणाली, "पण तो रस्ता वेगळा होता ना?"

एका रविवारी मी वंदनाताईंच्या गावी गेलो. कशाला गेलो हे नीट सांगता येणार नाही. त्यांची खात्री पटवायची होती, असं तेव्हा वाटत होतं. मुद्दाम गाडीवरच गेलो. त्यांनी पुन्हा एकदा जवळून बघावी, कुठेतरी फरक सापडावा — रंगात, पट्ट्यात, कशात तरी.

सकाळचे दहा वाजले असतील. ताई अंगणात तुरीच्या शेंगा वाळत घालत होत्या. मी गाडी बंद करायला गेलो तर त्यांनी हात वर केला.

"राहू द्या चालू."

त्या डोळे मिटून ऐकत उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "करा बंद. हाच आवाज." त्या वळल्या आणि माझ्यासाठी खुर्ची आणली, पाणी आणलं.

मी फोनमधला फोटो पुन्हा काढला. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंही नाही.

"पाह्यला मी तो. तुमी खोटं बोलून नाही राह्यले सर, हे मले समजते. खोटं बोलनारा मानूस एवढ्या लांब कायले येईन? पन मंग ह्या चेहऱ्याचं मी काय करू? डोये मिटले का तुमीच दिसता. माहा मानूस नाही दिसत मले, तुमी दिसता."

मी पाण्याचा पेला हातात धरून बसलो होतो. त्या खालच्या आवाजात पुढे सांगत राहिल्या. कुणीतरी ऐकायला बसलंय म्हणून असेल. नवऱ्याच्या अंगावर पदर कसा टाकला, डोक्याला रुमालाची घडी कशी लावली. ट्रॅक्टर आला तेव्हा रस्त्यावरचं सगळं सामान कसं गोळा केलं.

"पिशवी उचलली. याईच्या चपला उचलल्या. डबा उचलला, पोयाभाजीचा..."

"झाकण मोरीत गेलं होतं," मी म्हणालो.

अगदी सहज म्हणालो. एखाद्याचं अर्धं राहिलेलं वाक्य आपण पुरं करतो ना, तसं. बोलून झाल्यावर मला कळलं की मी काय बोललो.

ताईंचे हात थांबले. अंगणात कोंबडी शेंगा उकरत होती, तिला कुणी हाकललं नाही.

"हे कोनं सांगतलं तुमाले?"

"कुणी नाही."

"मी कोनालेच नाही सांगतलं. संतोषले बी नाही. त्यात सांगन्यासारखं काय हाये?" त्या उठून उभ्या राहिल्या. "अन् झाकन तर तुमी निंगाल्यावर पडलं, सर. मी तुमच्यामागं धावली, तवा माह्या पायानं डबा उडाला. तवा पडलं."

आम्ही त्या मोरीपर्यंत पायी गेलो. गावापासून दोनेक किलोमीटर असेल. मोरीजवळ काचेचे बारीक तुकडे अजून मातीत चमकत होते. मी खाली उतरलो. नाला आटला होता, तळाशी भेगाळलेला चिखल. मोरीच्या पाइपात डाव्या हाताला स्टीलचं झाकण अर्धं रुतलेलं होतं. मला शोधावं लागलं नाही. खाली वाकलो आणि हात घातला तर हाताला तेच लागलं.

वर येऊन मी ते ताईंना दिलं. त्यांनी पदराने पुसलं. आतल्या बाजूला टोचून कोरलेलं नाव होतं, त्यांच्या नवऱ्याचं. लग्नातला डबा असावा. त्या नावावर त्यांनी दोन-तीनदा बोट फिरवलं.

"आता सांगा सर," त्या म्हणाल्या. "नव्हते तुमी?"

नव्हतो म्हणायला मी तोंड उघडलं. हजेरी होती, फोटो होता, रफिकभाईची कसम होती. पण त्या बाईसमोर, त्या मोरीवर उभं राहून मला तो शब्द काही उच्चारता आला नाही. "चुकलं, ताई," मी म्हणालो. कुणाचं चुकलं, कधी चुकलं, काहीच सांगितलं नाही. त्यांनी मान हलवली आणि झाकण हातात घेऊन गावाकडे चालत गेल्या. बऱ्याच वेळाने मी त्यांच्या अंगणातून गाडी काढली, तेव्हा दार लोटलेलं होतं.

त्यानंतर आमची भेट नाही. संतोष एकदा मालेगावच्या बाजारात भेटला. म्हणाला, ताई आता जेवते, झोपते, अंगणवाडीत जाते. "तुमी काय सांगतलं तिले?" त्याने विचारलं. मी म्हणालो, काही नाही.

गाडी विकून टाक, असं चार जणांनी सुचवलं. रफिकभाईला विचारलं तर तो म्हणाला, "गाडीत काहीच नाही, सर. गाडी तर तवा माझ्यापुढं होती ना." माझं समाधान व्हावं म्हणूनच म्हणाला बिचारा. मी घरापर्यंत तेच वाक्य घोळवत आलो. गाडी त्याच्यापुढे होती, मी फळ्यापुढे होतो...

मी स्वतःला सगळं समजावून पाहिलंय. डबा म्हटला की झाकण आलंच. उताराला पडलेली वस्तू मोरीत जाणारच. नंबर त्यांनी आधी कधीतरी स्टँडवर पाहिला असेल, धक्क्यात तोच आठवला असेल. सातवीच्या वर्गात हे सांगितलं तर पोरांना पटेल. मी सांगितलं नाही. यंदा लिंबाचा प्रयोगही केला नाही, वेळ नाही म्हणून सांगितलं.

कारण एक गोष्ट मी सुजातालाही सांगितलेली नाही. हल्ली गाडी चालवताना, विशेषतः रस्ता मोकळा असला की, मला एक आवाज आठवतो. ऐकू येत नाही — आठवतो, आधी ऐकलेला असावा तसा. स्टीलचं झाकण डांबरावर पडतं, गोल गोल फिरतं, घरंगळत मोरीत जाऊन थांबतं. त्याच्या आधी धावणाऱ्या पावलांचा आवाज असतो.

आणि दोन्ही आवाज माझ्या पाठीमागून येतात.