पन्नास ओळखीची माणसं

बुधवार पेठेतलं इलेक्ट्रॉनिक्सचं दुकान मालकांनी बंद केलं आणि काउंटरवरची माझी अकरा वर्षं तिथेच संपली. चाळिशीच्या बाईला आता कोण घेणार, असं मीच म्हणत होते. म्हणून विमा विकणाऱ्या एका कंपनीने मुलाखतीला बोलावलं, तेव्हा मी विश्रांतवाडीहून निघून तासभर आधीच पोचले.

मॅनेजर तिशीचे असतील. त्यांनी दुकानातल्या कामाबद्दल दोनच प्रश्न विचारले आणि एक फॉर्म पुढे सरकवला. त्यात पन्नास ओळखीच्या माणसांची नावं, नातं आणि फोन नंबर भरायचे होते.

"हे कशासाठी?"

"सेल्समध्ये ओळखी लागतात, मॅडम. तुमच्या किती आहेत ते बघायचंय. फोन कुणालाही जाणार नाही."

मी मोबाइल काढून लिहायला बसले. तिसाच्या पुढे माणसं आठवेनात. मुलीच्या शाळेतल्या बाईंचा नंबरसुद्धा दिला. खाली बारीक अक्षरांत काहीतरी होतं, ते न वाचताच सही केली. यादीवरून नजर फिरवून ते म्हणाले, "तुमचं झालंच समजा."

नंतर दोन महिने काही कळलं नाही. मी फोन केला की ते मीटिंगमध्ये असायचे. मग एकदा शेजारच्या काकूंनी जिन्यात गाठलं. "अहो, तुमच्या कंपनीला सांगा, रोज फोन करू नका म्हणावं. आम्हाला विमा नकोय." माझी कंपनी कुठली, तेच मला समजेना.

त्याच आठवड्यात मावशीचा फोन आला. ती मार्केट यार्डजवळ एकटी राहते. नर्स होती, आता पेन्शनवर आहे. आवाजात आनंद मावत नव्हता.

"मागच्या महिन्यातच पॉलिसी काढली गं मी. तुझ्या कंपनीतले फोनवर म्हणाले, भाचीची नोकरी तेवढ्यासाठी अडलीये. तुला इतक्यात सांगू नका म्हणाले. कधी रुजू होणार?"

मी तडक कंपनीत गेले. मॅनेजर शांतपणे म्हणाले, "नंबर आपणच दिलेत. सही आपलीच आहे."

"आणि माझी नोकरी?"

"ती जागा भरली."

"मग मावशीची पॉलिसी रद्द करा."

"त्याला मुदत असते. ती संपली."

एवढं बोलून ते त्यांच्या कामाला लागले.

घरी येऊन मी ऑनलाइन तक्रार केली. उत्तर आलं, की ग्राहकाने फोनवर संमती दिलेली असून रेकॉर्डिंग उपलब्ध आहे. मावशी खरंच "हो" म्हणाली होती. नोकरीचं बोलणं मात्र त्या रेकॉर्डिंगच्या आधी झालं होतं.

रविवारी मावशीकडे जाऊन मी सगळं सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "पण त्यांनी तुझं नाव घेतलं होतं गं."

ती चहा टाकायला आत गेली.

मला अजून काम मिळालेलं नाही. कुणाला ओळखीने विचारावं म्हटलं, तर त्या यादीतली बरीच माणसं आता माझाही फोन उचलत नाहीत.