शुक्रवारी चालणारा लॅपटॉप

जुनी हार्डडिस्क काढून लॅपटॉपमध्ये नवी एसएसडी टाकून आणली आणि त्याला वेड लागलं. शुक्रवारी दिवसभर गुणी बाळासारखा चालला. शनिवारी सकाळपासून दर दहा मिनिटांनी निळा पडदा, मग ‘डिस्क सापडत नाही’. अकराला माझी नोकरीची ऑनलाइन परीक्षा होती. मध्येच बंद पडला तर बाद, असं स्पष्ट लिहिलेलं. तीन वर्षं घरी बसलेल्या मला दुसरी संधी कोण देणार होतं?

साडेदहाला मी एसएसडी बसवून देणाऱ्या दुकानदाराला फोन करून तोंड सोडलं. तो शांतपणे म्हणाला, “मॅडम, मेरे यहाँ तो दो घंटे चला. पीछे ये आवाज़ काहे की है?”

“कसला आवाज?” मी खेकसले.

मग माझीच मला लाज वाटली. खाली गाळ्यात बाबांचे आठ लूम, कापड विणणारे यंत्रमाग, खडखडत होते. जन्मापासून ऐकतेय, म्हणून ऐकूच येत नाहीत. टेबलावर तळहात ठेवला, तर टेबल थरथरत होतं. आणि शुक्रवारी लूमना सुट्टी असते.

मागचं झाकण उघडलं. एसएसडी एका टोकाने वर आलेली. तिला दाबून धरणारा इवलासा स्क्रू त्या शहाण्याने लावलाच नव्हता. बाबांनी गाळ्यातला स्क्रूंचा डबा आणून ओतला. सगळेच जाडे. चिकटपट्टी लावून पाहिली, पाच मिनिटांत पुन्हा निळा पडदा. अकराला सात मिनिटं उरली होती. मला रडू येत होतं.

“लूम बंद करतो,” बाबा म्हणाले.

“माल आज द्यायचाय ना?”

“हाय. पण तुझा पेपर उद्या न्हाय.”

खाली एकेक लूम थांबत गेला. पट्टी पुन्हा दाबून बसवली. लॅपटॉप चालला. पहिला प्रश्न उघडला तेव्हा बाबा जिना चढून येऊन दाराबाहेर बसले. लूम रात्रीही चालतात आणि शुक्रवारी ते पहाटेच वज्रेश्वरीकडच्या शेतावर जातात, त्यामुळे शांतता आणि बाबा घरात कधी एकत्र नसतातच. म्हणून तो आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. त्यांच्या छातीतली शिटी, प्रत्येक श्वासाला.

पहिला प्रश्न मी तीनदा वाचला. नोकरी लागली की आधी बाबांना डॉक्टरकडे न्यायचं, असं ठरवलं आणि उत्तर टाइप करायला लागले.