आयसमची वीट

हॅस्केल हाऊस, जुन्या मळेवाल्याची ही हवेली, बघायला लोक लांबून येतात. पुढचे सहा खांब, आरसे, वळणाचा जिना बघतात आणि वाहवा करत निघून जातात. हे सगळं उभं कोणी केलं, ते विचारायला कोणाला फुरसत आहे? मी तिथला सुतार. एकोणीस वर्षं या घराच्या दारं-खिडक्यांची डागडुजी करतोय, म्हणून बोलतो.

मिस व्हर्लीन (आमच्याकडे थोरल्या बायकांना, लग्न झालेलं असलं तरी, मिसच म्हणतात) माझ्याही आधीपासून तिथे झाडलोट करायच्या. वय त्र्याहत्तर, जीभ तिखट. "फिलमोर, बुटांना चिखल लागलाय की चिखलाला बूट?" ही आमची सकाळची सलामी. नवरा गेला, मूलबाळ नाही, बहीण डेट्रॉइटला गेली ती तिकडच्याच मातीत गेली. चर्चमध्ये शेजारच्या जागेवर त्या पर्स ठेवायच्या, कोणी नवऱ्याच्या जागी बसू नये म्हणून. कोणी बसायला येतही नव्हतं.

घरामागच्या स्वयंपाकघरात, धुराड्याच्या भिंतीत एक वीट आहे. तिच्यावर चार बोटांचे ठसे. गुलामीच्या काळात ओल्या विटा उन्हात उलटायचं काम लहान पोरांचं, बोटं रुतायची. मिस व्हर्लीनना आजीने सांगितलेलं, "हा आपला आयसम, माझ्या आजोबांचा थोरला भाऊ, सात वर्षांचा." पुढच्याच वर्षी मालकाने त्याला विकला. कागद नाही, कबर नाही. ती वीट तेवढी.

रोज सकाळी त्या ठशांत बोटं घालून त्या बोलायच्या. "आयसम, आज गुडघा फार छळतोय रे." मी आपला ठोकाठोक करत राहायचो, ऐकलंच नाही असं दाखवत.

घराच्या समितीच्या मुख्य मिस ऑगस्टा. वर्षानुवर्षं व्हर्लीनबाई त्यांच्या मागे लागलेल्या. "आरशाचं कौतुक एवढा वेळ सांगता, आमच्या पोराबद्दल दोन शब्द सांगा की!" शेवटी गेल्या हिवाळ्यात विद्यापीठातून एक जाणकार आला. भिंग लावून वीट बघितली. आजीची हकीकत टिपून घेतली. गडी हरखून गेला.

"अमोल आहे हो! पण ठसे अर्धे झिजलेत. पावसाने नाही, हातांनी. कोणीतरी रोज हात लावत असणार."

मिस व्हर्लीनचा हात एप्रनच्या खिशात गेला. मी तोंड उघडणार, तोच त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी परत हातोडी उचलली.

"मग काच बसवा," त्या म्हणाल्या. "चांगली जाड."

काच मीच बसवली. शेजारी आयसमच्या नावाची पाटी लागली. आता लोक तिथे घोळका करून उभे राहतात, काहींचे डोळे भरतात. मिस व्हर्लीन बादली घेऊन मागे थांबतात, गर्दी हलेपर्यंत.

मला राहवेना. एकदा म्हणालो, "सोमवारी घर बंद असतं. चार स्क्रू तर आहेत. काच काढतो जरा वेळ, कोणाला कळतंय?"

"नको रे बाबा. इतकी वर्षं मला वाटायचं मी त्याला जपतेय. मीच पुसत होते त्याला." त्यांनी बादली खाली ठेवली. "पण आता सकाळी बोलू कोणाशी?"

"माझ्याशी बोला ना. मी येतोच की आठला."

त्यांनी माझ्या गालाला हात लावला. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं.

"गुणाचा आहेस, फिलमोर. पण तू माझा कोण?"